पदवीच्या उत्तरार्धात शाखाबदल : थांबावे, वळावे की पूर्ण करावे?

अभियांत्रिकीच्या पाचव्या सत्राचा निकाल लागतो. गुणपत्रिका फारशी वाईट नसते, पण ती हातात घेतलेल्या विद्यार्थ्याच्या मनात एक गोष्ट पक्की झालेली असते : हा विषय आपला नव्हे. कोणाला अर्थशास्त्राची ओढ असते, कोणाला मानसशास्त्राची, कोणाला भाषेची वा कायद्याची. मागे वळून पाहावे तर अडीच वर्षे आणि आई-वडिलांनी भरलेले शुल्क दिसते; पुढे पाहावे तर दीड वर्ष शिल्लक असते. पदवी सोडावी, शाखा बदलावी की दात-ओठ खाऊन ती पुरी करावी, हा प्रश्न दरवर्षी अनेक घरांत रात्री उशिरापर्यंत चघळला जातो. कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांतही टी.वाय.च्या उंबरठ्यावर तो येतोच.

या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. मात्र त्याचा विचार करण्याची एक शिस्त आहे. तिचे पहिले सूत्र असे, की गेलेली वर्षे या निर्णयात मोजायची नसतात. उरलेली वर्षे मोजायची असतात. 'इतकी वर्षे घातली, आता कसे सोडायचे?' हा युक्तिवाद जितका फसवा, तितकाच 'आता एक दिवसही इथे काढवत नाही' हा उद्वेगही फसवा. खर्च झालेले शुल्क आणि वेळ कोणत्याही निर्णयाने परत येत नाहीत. बदलता येते ते फक्त पुढचे.

प्रश्न मुळात का उद्भवतो?

आपल्याकडे विद्याशाखेची निवड सतराव्या-अठराव्या वर्षी होते आणि ती बहुतांशी गुणांवर ठरते. दहावीला चांगले गुण म्हणजे विज्ञान, बारावीला गणित बरे म्हणजे अभियांत्रिकी, ही वाट महाराष्ट्रात इतकी रुळलेली आहे, की तिच्यावरून चालताना निवड केल्याची जाणीवही अनेकांना नसते. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली. त्यामुळे एरवी कर्नाटकात जाऊन प्रवेश घ्यावा लागणाऱ्या विद्यार्थ्यांची घराजवळ सोय झाली, हे खरेच. परंतु जागा वाढल्या तशी 'मिळतेय तर घेऊन टाका' ही वृत्तीही वाढली.

अभ्यासक्रमाची रचनाही याला हातभार लावते. अभियांत्रिकीचे पहिले वर्ष बहुतांशी सामायिक विषयांचे असते. निवडलेल्या शाखेशी खरी गाठ पडते ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. बी.ए., बी.एस्सी.लाही मुख्य विषयाचा सखोल अभ्यास उत्तरार्धातच सुरू होतो. तेव्हा विषय न आवडल्याचे उशिरा कळणे हा विद्यार्थ्याचा चंचलपणाच असतो, असे नाही. कळायला संधीच उशिरा मिळते.

विषय चुकला की वर्ष चुकले?

निर्णयापूर्वी निदान हवे. 'विषय नको' असे म्हणणाऱ्या अनेकांना प्रत्यक्षात विषय नको नसतो. कोणाला महाविद्यालयातील शिकवणे नको असते, कोणाला वसतिगृह, कोणाला सतत मागे लागलेल्या एटीकेटी. अशा वेळी शाखा बदलली, तरी त्रास सोबत येतो. साधी कसोटी अशी : हाच विषय चांगल्या शिक्षकाकडून शिकायला मिळाला आणि सर्व पेपर सुटलेले असते, तरीही तो सोडावासा वाटला असता का? उत्तर 'हो' असेल, तर प्रश्न विषयाचा आहे. 'नाही' असेल, तर उपाय शाखाबदलाखेरीज अन्यत्र शोधायला हवा.

दुसरे निदान नव्या विषयाचे करायचे. कादंबऱ्या आवडणे म्हणजे साहित्याचा अभ्यास आवडणे नव्हे. माणसांविषयी कुतूहल असणे म्हणजे मानसशास्त्र झेपणे नव्हे. त्या विषयात संख्याशास्त्र आणि प्रयोगांचे आराखडेही येतात. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात गणित पुन्हा दारात उभे असते. म्हणून नव्या विषयाची मागील तीन वर्षांची प्रश्नपत्रिका आणि पूर्ण अभ्यासक्रम मिळवून वाचावा. त्या विषयाच्या तृतीय वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थ्याशी बोलावे; यशस्वी झालेल्या नामवंताशी बोलण्यापेक्षा ते अधिक उपयोगी ठरते. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या संकेतस्थळावर मानव्यविद्यांसह बहुतेक विद्याशाखांचे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात आणि परीक्षेसाठी अल्प शुल्क असते. त्यातला एखादा अभ्यासक्रम गृहपाठ व परीक्षेसह पूर्ण करावा. ओढ टिकली, तर ती खरी. चौथ्या आठवड्यात गृहपाठ राहू लागले, तर दीड वर्षाऐवजी तीन महिन्यांतच बरेच काही शिकायला मिळाले असे समजावे.

नियम काय सांगतात?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर 'आता कधीही विषय बदलता येतो' असा समज पसरला आहे. तो अर्धाच खरा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या आराखड्यात मुख्य विषय बदलण्याची मुभा पहिल्या वर्षाच्या अखेरीस आणि त्याच व्यापक विद्याशाखेच्या अंतर्गत ठेवलेली आहे. तिसऱ्या वर्षी भौतिकशास्त्रातून इतिहासात जाण्याची तरतूद त्यात नाही.

उत्तरार्धातील विद्यार्थ्याला त्याच आराखड्यातील बाहेर पडण्याची आणि परतण्याची सोय अधिक महत्त्वाची आहे. पहिल्या वर्षानंतर किमान ४० श्रेयांक असतील तर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर ८० असतील तर पदविका, तिसऱ्यानंतर १२० असतील तर पदवी आणि चौथ्यानंतर १६० असतील तर ऑनर्स पदवी, अशी ही उतरंड आहे. पहिल्या दोन टप्प्यांवर बाहेर पडायचे झाल्यास उन्हाळी सुटीत चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. असा विद्यार्थी तीन वर्षांच्या आत परत येऊ शकतो आणि एकूण सात वर्षांच्या कमाल मर्यादेत पदवी पूर्ण करू शकतो. थोडक्यात, 'सोडणे' आणि 'थांबणे' या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत. अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत मात्र हे नियम विद्यापीठ आणि प्रवेशवर्षानुसार बदलतात. आपल्या तुकडीला कोणता नियम लागू आहे, याची विचारणा महाविद्यालयाच्या कार्यालयात करून उत्तर लेखी घ्यावे.

मिळवलेले श्रेयांक जपून ठेवणारी 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' ही व्यवस्था २०२१ मध्ये सुरू झाली. तिच्याविषयीही गैरसमज आहेत. खात्यात श्रेयांक जमा असणे म्हणजे ते नव्या पदवीत आपोआप वळते होणे नव्हे. कोणते श्रेयांक मान्य करायचे हे नवी संस्था ठरवते. शिवाय जी संस्था पदवी देणार, तिच्याकडून किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. यंत्र अभियांत्रिकीतील द्रवगतिकीचा पेपर समाजशास्त्राच्या पदवीत उपयोगी पडेल, अशी आशा धरू नये. भाषा, पर्यावरण, संगणक असे सामायिक विषय फार तर जमेस धरले जातील.

अभियांत्रिकीच्या एका शाखेतून दुसऱ्या शाखेत जाणे साधारणतः पहिल्या वर्षानंतर, रिक्त जागा आणि गुणवत्तेनुसार होते. तिसऱ्या वर्षी ते दार जवळपास बंद असते. त्याऐवजी काही ठिकाणी १८ ते २० अतिरिक्त श्रेयांक मिळवून दुसऱ्या शाखेतील 'मायनर'सह पदवी घेण्याची सोय आहे. तिचा उपयोग कमी विद्यार्थी करतात.

उरलेल्या वर्षांचे गणित

आता आरंभीच्याच विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. पाचवे सत्र संपलेले, तीन सत्रे उरलेली, ओढ अर्थशास्त्राची. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत.

पहिली वाट : आताच अभियांत्रिकी सोडायची. पुढील प्रवेश जून-जुलैत, म्हणजे सहा महिने थांबणे. त्यानंतर बी.ए.ची तीन वर्षे. साडेतीन वर्षांनी हाती बी.ए. पदवी येईल. एम.ए.साठी आणखी दोन वर्षे धरली, तर एकूण साडेपाच.

दुसरी वाट : दीड वर्षात अभियांत्रिकी पूर्ण करायची, त्याच काळात अर्थशास्त्राची तयारी करायची आणि प्रवेश परीक्षेद्वारे थेट एम.ए.ला जायचे. दीड अधिक दोन, म्हणजे साडेतीन वर्षांनी हाती अभियांत्रिकीची पदवी आणि अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी.

पहिल्या वाटेने जितक्या काळात नुसते बी.ए. होते, तितक्याच काळात दुसऱ्या वाटेने एम.ए. होते. ओढ कितीही तीव्र असली, तरी हे गणित कागदावर मांडल्याशिवाय निर्णय घेऊ नये. पदवी पूर्ण करणे ही अशा वेळी नावडत्या विषयाला दिलेली शरणागती नसते. आवडत्या विषयाकडे जाणारा तो जवळचा रस्ता असतो.

परंतु हे गणित एका अटीवर उभे आहे : दीड वर्ष खरोखर दीडच वर्ष राहिले पाहिजे. चार-पाच विषय मागे राहिलेले असतील, पुढच्या सत्रात आणखी दोन राहण्याची चिन्हे असतील, तर दीडाची तीन वर्षे होतात. मग एम.ए.पर्यंतचा प्रवास पाच वर्षांचा होतो आणि दोन्ही वाटांतला फरक जेमतेम सहा महिन्यांवर येतो. त्या अवस्थेत नावडत्या विषयाला आणखी तीन वर्षे देणे शहाणपणाचे असेलच असे नाही. म्हणून हिशेब आशेवर मांडू नये; मागील तीन सत्रांच्या गुणपत्रिकांवर मांडावा.

पदवीनंतर उघडणारी दारे

भारतात अनेक दारांवर 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' एवढीच पाटी असते. केंद्रीय आणि राज्य लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षांना कोणतीही मान्यताप्राप्त पदवी चालते. व्यवस्थापनाच्या 'कॅट' परीक्षेला विद्याशाखेचे बंधन नाही. कायद्याचा तीन वर्षांचा एल.एल.बी. अभ्यासक्रम कोणत्याही पदवीनंतर करता येतो. राज्यात त्यासाठी सामायिक प्रवेश परीक्षा असून खुल्या प्रवर्गाला पदवीत किमान ४५ टक्के गुणांची अट आहे. सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्या वाणिज्येतर पदवीधराला ६० टक्के गुण असल्यास प्राथमिक परीक्षा न देता थेट 'इंटरमीजिएट'ला नोंदणी करता येते. शेवटच्या दोन वर्षांत गुण सोडून देणाऱ्यांनी या टक्केवारीकडे लक्ष द्यावे. नावडत्या विषयातील ५८ टक्के पुढे आवडत्या विषयाची वाट अडवू शकतात.

पदव्युत्तर शिक्षणातही बंधने सैल झाली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या आराखड्यानुसार संबंधित विषयाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास पदवीचा विषय वेगळा असूनही पदव्युत्तर प्रवेश मिळू शकतो. अभियंत्यांच्या परिचयाच्या 'गेट' परीक्षेत २०२१ पासून मानव्यविद्या व समाजशास्त्रांचा पेपर आहे. त्यात अर्थशास्त्र, इंग्रजी, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांपैकी विषय निवडता येतो. ही परीक्षा तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांनाही देता येते. तरीही प्रत्येक विद्यापीठाची अट स्वतंत्रपणे पाहावी. मानसशास्त्रासारख्या विषयात काही ठिकाणी पदवीला तोच विषय असण्याचा आग्रह धरला जातो.

ज्यांना पदवीही हवी आणि पायाही हवा, त्यांच्यासाठी तिसरा मार्ग २०२२ मध्ये खुला झाला. एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने परवानगी दिली. एक अभ्यासक्रम वर्गात बसून आणि दुसरा दूरशिक्षणाने करता येतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ येथे नव्या विषयाची सुरुवात करून नियमित पदवीही चालू ठेवता येते. दोन्ही परीक्षांच्या तारखा एकमेकींवर येणार नाहीत, एवढी काळजी आधी घ्यावी.

उशिरा विषय बदलूनही शिखर गाठणाऱ्यांत वेंकटरामन रामकृष्णन यांचे नाव ठळक आहे. त्यांनी १९७६ मध्ये भौतिकशास्त्रात पीएच.डी. पूर्ण केली आणि मग जीवशास्त्राकडे वळून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील विभागात पुन्हा विद्यार्थी म्हणून दोन वर्षे काढली. रायबोसोमच्या रचनेवरील संशोधनासाठी त्यांना २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. मराठीत डॉ. अनिल अवचट यांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली आणि नंतर आयुष्य लेखनाला व सामाजिक कामाला दिले. प्रत्येकाच्या वाट्याला असे यश येत नाही, हे उघड आहे. लक्षात घ्यायचे ते इतकेच, की दोघांनीही हातातले पूर्ण केले आणि मग वळण घेतले.

जिथे पूर्ण करण्यात अर्थ नसतो

हा नियम सरसकट लावता येत नाही. काही व्यवसायांना मूळ पदवीच लागते. वैद्यक, वास्तुकला, परिचर्या यांत पदव्युत्तर पातळीवरून शिरता येत नाही. वास्तुविशारद व्हायचे, तर पाच वर्षांचा बी.आर्क. अभ्यासक्रम पहिल्या वर्षापासूनच करावा लागतो. डॉक्टर व्हायचे, तर 'नीट' आणि साडेपाच वर्षे टळत नाहीत. तेथे आधीची पदवी पूर्ण केल्याने पुढील वाट एका दिवसानेही कमी होत नाही. निश्चय पक्का आणि प्रवेश हाती असेल, तर अशा वेळी लवकर सोडणे हेच काटकसरीचे. मात्र प्रवेश मिळण्याआधी चालू पदवी सोडू नये. एका काठाचा हात सुटला आणि दुसरा लागला नाही, ही स्थिती सर्वांत वाईट.

दुसरा अपवाद अधिक गंभीर आहे. झोप उडणे, जेवण सुटणे, खोलीबाहेर न पडणे, जगण्यात अर्थ नाही असे वाटणे ही लक्षणे असतील, तर प्रश्न शाखेचा राहत नाही. तेथे वर्षांचे गणित बाजूला ठेवून प्रथम उपचार घ्यावेत. एक सत्र थांबावे लागले तरी थांबावे. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य मदतसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि मराठीतही बोलता येते. असा निर्णय निराशेच्या भरात घेऊ नये. सोडण्याचाही नव्हे आणि रेटण्याचाही नव्हे.

शुल्क, कर्ज आणि कागद

शैक्षणिक कर्ज विशिष्ट अभ्यासक्रमासाठी मंजूर झालेले असते. सर्वसाधारणपणे अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्त्यांतून सवलत मिळते. अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास ही सवलत आधी संपू शकते. म्हणून नाव काढण्यापूर्वी बँकेत जाऊन बोलावे. शिष्यवृत्ती आणि शुल्कसवलतीचेही तसेच. अनेक योजनांत एकाच पातळीवरील दुसऱ्या अभ्यासक्रमाला लाभ मिळत नाही किंवा खंड पडल्यास अडचण येते. 'महाडीबीटी'वर अर्ज केलेल्या विद्यार्थ्याने आपल्या योजनेची अट आधी वाचावी.

कागदांची यादी छोटी आहे, पण एक कागद अडला की वर्ष जाते : सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, शाळा-महाविद्यालय सोडल्याचा दाखला, विद्यापीठ बदलत असल्यास स्थलांतर प्रमाणपत्र, खंड पडल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र. मूळ प्रमाणपत्रे संस्थेने अडकवून ठेवू नयेत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा आदेश आहे. 'उरलेल्या वर्षांचे शुल्क भरा, मगच कागद मिळतील' असे सांगितले गेल्यास तो दाखवावा आणि विद्यापीठाकडे लेखी तक्रार करावी.

घरातले बोलणे

सर्वांत अवघड परीक्षा बहुधा घरातच असते. वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढलेले असतात, धाकट्या बहिणीची बारावी जवळ आलेली असते आणि नातेवाइकांना 'इंजिनीअर होतोय' असे सांगून झालेले असते. मुलाला वाटते, घरच्यांना आपले दुःख कळत नाही; घरच्यांना वाटते, मुलाला आपले कष्ट कळत नाहीत. 'मला हे आवडत नाही' या वाक्याने बोलणे सुरू झाले, की ते वादातच संपते. त्याऐवजी कागद समोर ठेवावा : कोणता विषय, कोणती संस्था, प्रवेश परीक्षा केव्हा, किती वर्षे, किती खर्च, आणि प्रवेश न मिळाल्यास काय. या सहा ओळी भरता येत असतील, तर तो विचार आहे. येत नसतील, तर सध्या तो केवळ कंटाळा आहे.

पालकांकडूनही एक अपेक्षा रास्त आहे. 'आधी पदवी घे, मग बघू' या वाक्यातले 'मग बघू' खरे असायला हवे. मुलाने दीड वर्ष निमूटपणे काढले आणि पदवीनंतर नोकरीचाच तगादा लागला, तर त्याच्या दृष्टीने ती फसवणूक ठरते. पदवी पूर्ण करण्याच्या बदल्यात पुढील दोन वर्षे त्याच्या पसंतीच्या विषयासाठी दिली जातील, हा शब्द आजच द्यावा आणि पाळावा.

विसाव्या वर्षी वाटणारे 'उशीर झाला' हे बहुधा खरे नसते. पुढे चाळीस वर्षे काम करायचे असते. त्यात दीड वर्ष हा मोठा काळ नव्हे, आणि न आवडणाऱ्या व्यवसायातील चाळीस वर्षे हा मात्र फार मोठा काळ आहे. विषय बदलावा की नाही, याचे उत्तर अनेकदा 'बदलावा' असेच निघते. तो पदवीच्या मधोमध बदलावा की पदवीच्या दारातून बाहेर पडताना, एवढेच शांतपणे ठरवायचे असते.